करातला एक टक्का आणि झिकाची साथ

राज्य सरकारने आपल्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा संशोधनासाठी बाजूला काढावा, अशी मागणी आपल्याकडे अधूनमधून होत असते. मागणी रास्तच आहे. पण असे केल्याने नेमके काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार त्या मानाने कमी होतो. ब्राझीलमधील साओ पाउलो या राज्याने हा प्रयोग साठ वर्षांहून अधिक काळ चालवला आहे. आरोग्य-संशोधनाच्या अंगाने त्या प्रयोगाची पारख करण्याचा प्रयत्न आम्ही येथे करीत आहोत.

आधी कसोटी ठरवून घेऊ. संशोधनाची क्षमता म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे इमारत आणि यंत्रे येतात. पण अनोळखी ताप दिसताच रक्ताचा नमुना कुणाकडे पाठवायचा हे ठाऊक असलेला डॉक्टर, तो नमुना योग्य तापमानात जपणारा तंत्रज्ञ, रुग्णांच्या नोंदी ताडून पाहणारा साथरोगतज्ज्ञ, आणि ‘हे नेहमीचे नाही’ असे म्हणण्याची मुभा असलेला संशोधक, ही सारी माणसे मिळून क्षमता बनते. यंत्र सहा महिन्यांत विकत घेता येते. अशी माणसे तयार व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात. म्हणून एखाद्या योजनेने एकूण किती पैसा दिला एवढेच पाहून भागत नाही. तो किती वर्षे न चुकता दिला आणि त्यातून कुठे, कोणती माणसे उभी राहिली, हेही तपासावे लागते.

घटनेत लिहिलेला पैसा

ब्राझील हे भारतासारखेच संघराज्य आहे, मात्र तेथे प्रत्येक राज्याची स्वतःची राज्यघटना असते. साओ पाउलो हे त्यातले सर्वांत श्रीमंत राज्य. देशाची पाचव्या हिश्शाहून थोडी अधिक लोकसंख्या तेथे राहते, पण देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेथे निर्माण होतो. या राज्याच्या १९४७ च्या घटनेत करउत्पन्नाचा अर्धा टक्का संशोधनाला देण्याची तरतूद झाली. प्रत्यक्षात काम सुरू व्हायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी सुरू झालेली संस्था ‘फापेस्प’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. १९८९ च्या नव्या घटनेने तिचा वाटा एक टक्का केला.

या व्यवस्थेतील बारकावे पाहण्यासारखे आहेत. संस्थेला आरंभीच एक कायम निधी देण्यात आला. स्वतःच्या कारभारावर तिने पाच टक्क्यांहून अधिक खर्च करायचा नाही, असे बंधन घातले गेले. १९८० च्या दशकात ब्राझीलमध्ये महागाई इतकी भडकली होती की, उशिरा हाती आलेल्या पैशाला फारशी किंमत उरत नसे. तेव्हा हा पैसा दरमहा मिळण्याची सोय करण्यात आली. याच्या जोडीला राज्याच्या तीन विद्यापीठांनाही १९८९ पासून एका मोठ्या कराचा ठरावीक हिस्सा मिळत आला. म्हणजे विद्यापीठाने माणूस नेमायचा आणि फापेस्पने त्याच्या प्रयोगाला व विद्यार्थ्यांना पैसा द्यायचा, अशी जोडी जमली. पुढल्या वर्षी अनुदान मिळेल की नाही या चिंतेत अर्धे वर्ष घालवणे म्हणजे काय, हे आम्हा संशोधकांना वेगळे सांगायला नको. साओ पाउलोने ही चिंता बऱ्याच अंशी दूर केली, आणि हे त्याचे सर्वांत मोठे श्रेय आहे.

संत्र्यापासून माणसापर्यंत

या भरवशातून काय उभे राहते, ते १९९७ नंतर दिसले. साओ पाउलोत संत्र्यांचा प्रचंड व्यवसाय आहे. ‘झायलेला फास्टिडिओसा’ नावाच्या जिवाणूमुळे तेथील संत्र्याची झाडे रोगट होऊन फळे लहान व टणक राहू लागली होती. फापेस्पने या जिवाणूची संपूर्ण जनुकीय लिपी वाचण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी एक भव्य केंद्र बांधण्याऐवजी राज्यभरातील तीसेक प्रयोगशाळांत काम वाटून दिले, आणि संगणकांच्या जाळ्याने त्या एकमेकींना जोडल्या. यांपैकी बहुतेकांना या कामाचा अनुभव नव्हता. काम करता करताच ती माणसे शिकली. सुमारे २७ लाख अक्षरांची ही लिपी जुलै २००० मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात प्रसिद्ध झाली. वनस्पतींना रोग करणाऱ्या जिवाणूची संपूर्ण लिपी वाचली जाण्याची जगातली ती पहिलीच वेळ होती.

आता यात आरोग्य कुठे आले? संत्र्यावर हात बसलेल्या माणसांनी तेच तंत्र माणसाच्या रोगांकडे वळवले. १९९९ मध्येच मानवी कर्करोगातील जनुकांचा प्रकल्प सुरू झाला. पुढे २६ फेब्रुवारी २०२० रोजी ब्राझीलमधील कोविडचा पहिला रुग्ण साओ पाउलोत नक्की झाला, तेव्हा त्याच्या विषाणूची लिपी अवघ्या दोन दिवसांत वाचून जाहीर करण्यात आली. त्या कामात एस्तेर साबिनो आणि जाकेलिन गोएस दि जेझुस या दोघी संशोधिका आघाडीवर होत्या, आणि ज्या प्रकल्पातून ते झाले त्याला फापेस्पचे साहाय्य होते. लशीच्या बाबतीतही असेच घडले. केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांच्यात लशीवरून वाद चालू असताना, १९०१ पासून चालत आलेल्या बुतांतान या राज्याच्या संस्थेने एका चिनी कंपनीच्या लशीच्या चाचण्या घेतल्या. १७ जानेवारी २०२१ रोजी देशातले पहिले लसीकरण याच लशीने साओ पाउलोत झाले. सारी क्षमता एकाच दिल्लीच्या, किंवा ब्राझीलियाच्या, मर्जीवर अवलंबून नसावी, या म्हणण्याला याहून चांगला दाखला मिळणे कठीण.

येथे थांबलो असतो तर हा लेख केवळ गौरवपर झाला असता. पण याच देशात २०१५ मध्ये जे घडले, त्याकडे पाठ फिरवून साओ पाउलोचा हिशेब पुरा होत नाही.

साथ आली ती दुसरीकडे

ब्राझीलचा ईशान्य भाग हा तुलनेने गरीब. पर्नाम्बुको, पाराइबा, बाहिया ही तिथली राज्ये. २०१५ च्या आरंभी तेथे अंगावर पुरळ आणणाऱ्या सौम्य तापाचे रुग्ण मोठ्या संख्येने येऊ लागले. डेंग्यूसारखा, पण डेंग्यू नव्हे. त्या वर्षीच्या एप्रिलअखेर बाहियातील केंद्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी तो झिका विषाणू असल्याचे ओळखले. हाही विषाणू डेंग्यूप्रमाणेच एडिस डासांमार्फत पसरतो. मग पर्नाम्बुकोची राजधानी रेसिफे येथील बालरोगतज्ज्ञांना जन्मतःच डोके फार लहान असलेली बाळे एकामागून एक दिसू लागली. अशा बाळांच्या मेंदूची वाढ नीट झालेली नसते. नोव्हेंबरमध्ये ब्राझीलने राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली, आणि १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी. बहुसंख्य बाळे याच ईशान्य भागातली, आणि बहुतेक गरीब घरांतली होती.

पुढे २०१७ मध्ये विषाणूच्या लिपीतील बदलांवरून मागे मोजत जाऊन संशोधकांनी एक अंदाज प्रसिद्ध केला. त्यानुसार झिका हा ईशान्य ब्राझीलमध्ये फेब्रुवारी २०१४ च्या सुमारासच येऊन पोहोचला होता. म्हणजे ओळख पटण्यापूर्वी वर्षभराहून अधिक काळ तो तेथे मुक्कामाला होता. रोग सौम्य, डेंग्यूशी साम्य असलेला. त्यामुळे तो कुणालाही चकवू शकला असता, हे मान्य. तरीही नमुने जागच्या जागी नियमित तपासणाऱ्या, विषाणूंची लिपी वाचणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे त्या भागात दाट असते, तर हे वर्ष असे नजरेआड गेले असते का, हा प्रश्न आम्हांला टाळता येत नाही. तसे जाळे तेव्हा होते, पण ते दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर, साओ पाउलोत.

नंतरच्या संशोधनाची वाटणीही बोलकी आहे. पाराइबातील आद्रियाना मेलो या डॉक्टरबाईंनी दोन गर्भवतींच्या गर्भजलाचे नमुने घेतले. ते तपासण्यासाठी रिओ दि जानेरोला पाठवावे लागले, आणि दोन्हींत झिका सापडला. झिकामुळे गर्भाच्या मेंदूला इजा होते हे उंदरांवर दाखवणारे काम मे २०१६ मध्ये साओ पाउलोच्या शास्त्रज्ञांनी फापेस्पच्या पैशावर केले. त्यासाठी वापरलेला विषाणू पाराइबातील रुग्णाकडून मिळालेला होता. रुग्ण एकीकडे आणि प्रयोगशाळा दुसरीकडे, असे हे चित्र आहे. माणसांचेही तसेच. कोविडची लिपी वाचणाऱ्या जाकेलिन दि जेझुस मूळच्या बाहियाच्या. त्यांचे शिक्षणही तिथलेच. तयार झालेले माणूस भरवशाच्या पैशाकडे जाणारच. त्यात त्या व्यक्तीचा दोष काही नाही.

दोष नेमका कशात?

यावर कुणी म्हणेल, साओ पाउलोने स्वतःच्या नागरिकांचा कर स्वतःच्या राज्यात वापरला, यात वावगे काय? काहीच नाही. उलट २०१६ मध्ये साबिनो आणि त्यांचे सहकारी छोटी जनुकवाचक यंत्रे बसमध्ये घालून ईशान्येकडील शहरांतून फिरले, आणि वर दिलेला अंदाज बांधायला त्या कामाचा उपयोग झाला. आमची टीका साओ पाउलोवर नसून, ‘प्रत्येक राज्याने आपापला टक्का काढावा, म्हणजे झाले’ या समजुतीवर आहे.

कारण टक्का सारखा असला तरी उत्पन्न सारखे नसते. १९८८ च्या राष्ट्रीय घटनेने सर्व राज्यांना अशी तरतूद करण्याची मुभा दिली, आणि पर्नाम्बुकोनेही १९८९ मध्ये आपली संशोधन-साहाय्य संस्था काढली. पण गरीब राज्याचा एक टक्का हा गरिबांचाच एक टक्का असतो. दुसरे असे की, घटनेत लिहिले म्हणजे तिजोरीतून मिळाले असे होत नाही. रिओ दि जानेरो हे काही गरीब राज्य नव्हे. तरी २०१६ मध्ये त्या राज्याची तिजोरी कोरडी पडली तेव्हा मंजूर झालेली अनुदानेही रखडली. खुद्द साओ पाउलोतही २०२० मध्ये फापेस्पची शिल्लक काढून घेण्याची तरतूद एका विधेयकात आली होती. संशोधकांनी जोरदार विरोध केल्यावर ती वगळण्यात आली. तिसरे म्हणजे विषयाची निवड. ज्याचा पैसा, त्याची निकड आधी. संत्र्याचा रोग साओ पाउलोची निकड होता, म्हणून त्याला पैसा आणि माणसे मिळाली. ज्या रोगाचे रुग्ण दूरच्या झोपडपट्टीत आहेत, तो आपल्या दारी येईपर्यंत निकडीचा वाटत नाही.

मग रेसिफेत झिकाचा माग कुणी काढला? सेलिना तुर्की यांच्या गटाने लहान डोक्याची बाळे आणि सर्वसाधारण बाळे असे दोन गट घेऊन, दोन्हींतील बाळांची व मातांची तपासणी करून तुलना केली, आणि झिकाशी असलेला संबंध पक्का करीत आणला. हे काम उभे राहू शकले, कारण रेसिफेत १९५० पासून एक केंद्रीय आरोग्य-संशोधन संस्था चालत आली होती. म्हणजे गरीब भागातही क्षमता होती. पण ती उभी राहिली होती केंद्राच्या, दीर्घकाळ चाललेल्या पैशावर. राज्याचा पैसा आणि केंद्राचा पैसा हे एकमेकांचे पर्याय नव्हेत, हा धडा आम्हांला येथे दिसतो. राज्याचा पैसा स्वायत्तता देतो, तर केंद्राच्या पैशाने राज्याराज्यांतील अंतर भरून काढायचे असते. दुसरे काम झाले नाही, तर पहिल्याने हे अंतर वाढत जाते.

पुणे आणि बेलेम

हे सारे आपल्याला वाटते तितके परके नाही. १९५२ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झाले. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. १९५४ मध्ये ब्राझीलच्या उत्तरेस बेलेम येथे त्याच प्रतिष्ठानाने तशीच प्रयोगशाळा सुरू केली. दोन्ही पुढे आपापल्या केंद्र सरकारांनी चालवल्या. भारतातील काही लोकांच्या रक्तात झिकाविरोधी प्रतिपिंडे आढळल्याची नोंदही १९५४ सालचीच आहे. आणि महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये सापडला तो पुरंदर तालुक्यातील बेलसर गावी, म्हणजे पुणे जिल्ह्यातच. गावात तापाचे रुग्ण वाढले, नमुने पुण्याच्या संस्थेत गेले, आणि निदान झाले.

झिका महाराष्ट्रात प्रथम बेलसरलाच आला, असे यावरून म्हणता येईल का? तेवढे म्हणता येत नाही. तो तेथे प्रथम ओळखला गेला, एवढेच खात्रीने म्हणता येते. रोगाचा नकाशा हा काही अंशी प्रयोगशाळांचाही नकाशा असतो. एखाद्या दुर्गम तालुक्याच्या नावापुढे शून्य दिसले, तर तेथे रोग नाही की तपासणारे कुणी नाही, हे आधी विचारायला हवे.

वरच्या वर्गांना आकडेवारी शिकवताना शिक्षकांनी हा प्रश्न जरूर घ्यावा. कोणत्याही रोगाची जिल्हावार संख्या फळ्यावर लिहावी आणि शेजारी त्या त्या जिल्ह्यातून नमुना कुठे तपासायला जातो, किती दिवसांत उत्तर येते, हे मुलांना प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून लिहायला सांगावे. राज्याने संशोधनाला एक टक्का द्यावा असे उद्या कुणी म्हणाले, तर ‘द्यावाच’ असे म्हणून पुढचा प्रश्नही ही मुले विचारतील: तो दर वर्षी मिळेल याची हमी काय, आणि त्यातला किती भाग दूरच्या तालुक्यांपर्यंत पोहोचेल?