आडनावावाचूनचे गद्य

मराठी समीक्षेचा व्यवहार आजवर प्रामुख्याने ग्रंथरूपाला आलेल्या लेखनाभोवती फिरत राहिला. नियतकालिकांतील वाचकांच्या पत्रांकडेही आपण संशोधनाचे साधन म्हणून पाहिले, वाङ्मय म्हणून क्वचितच. त्यामुळे १९९६ मध्ये अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांच्या पुढाकाराने 'मायबोली' हे संकेतस्थळ सुरू झाले, त्यानंतर 'मनोगत', २००७ मध्ये 'उपक्रम' आणि 'मिसळपाव', २०११ मध्ये 'ऐसी अक्षरे' ही चर्चास्थळे उदयास आली, तेव्हा त्यांतील लेखनाची बोळवण 'हौशी' या एका विशेषणाने झाली. प्रस्तुत लेखिकाही या अनास्थेस अपवाद नव्हती.

माझे वास्तव्य बंगळूरच्या इंदिरानगरात आहे. येथील शंभर फुटी रस्त्यावरच्या पाट्या कन्नड आणि इंग्रजी. मराठी कानी पडते ती बहुधा संगणक-व्यवसायानिमित्त आलेल्या तरुण कुटुंबांतून. अशाच एका शेजारघरी मी ही चर्चास्थळे प्रथम वाचली. लेख संपताच मी थांबले, तेव्हा शेजारीण म्हणाली, "काकू, लेख राहू द्या. खाली या, खरी गंमत प्रतिसादांत आहे."

तिचे म्हणणे मला वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने मोलाचे वाटते. या स्थळांवर लेखकाच्या पूर्णविरामापाशी लेखन संपत नाही. पुरणपोळीविषयीचा साधा प्रश्न शब्दाच्या व्युत्पत्तीकडे, तेथून प्रादेशिक अस्मितेकडे आणि अखेरीस हमरीतुमरीपर्यंत जातो. त्या अवस्थेला तेथील मंडळी 'धाग्याचे काश्मीर होणे' म्हणतात. बोलण्याचा वेग आणि लिहिण्याचा ठसा एकत्र आलेले हे गद्य आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, स्वर ऐकू येत नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी त्याने स्वतःची परिभाषा घडवली. थट्टा मनाला लावून घेऊ नये म्हणून 'दिवे घ्या' असे लिहायचे, ही इंग्रजी 'लाइट' शब्दाच्या दोन अर्थांवरची कोटी. अनुमोदनाचा 'मोदक' झाला, व्यक्तिगत निरोपाचा 'व्यनि'. अशी नाणी पाडणारा समाज भाषेविषयी उदासीन आहे असे कोण म्हणेल?

या गद्याचा खरा विशेष मात्र त्याच्या अनामिकतेत आहे. दोन अपरिचित मराठी माणसांचे संभाषण आडनाव आणि गाव विचारल्याशिवाय सहसा पुढे सरकत नाही. त्या दोन उत्तरांवरून जात, प्रदेश आणि पुष्कळदा आदराची मात्राही ठरते. टोपणनाव आपल्याला नवे नाही. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये पत्रे लिहिली ती 'लोकहितवादी' या नावाने. परंतु तेथे एक लेखक बुरख्याआड होता आणि वाचक उघडे होते. येथे सगळेच सदस्यनामांनी वावरतात. पंचविशीतला मुलगा सत्तरीच्या गृहस्थाला, वय ठाऊक नसल्यामुळे, बरोबरीच्या नात्याने खोडून काढतो. हा मोकळेपणा आपल्या परिसंवादांत मी फारसा पाहिलेला नाही.

तो मोकळेपणा पूर्ण होता असे मात्र म्हणवत नाही. 'मनोगत'ने शुद्धलेखन तपासण्याची सोय देऊन अनेकांचा देवनागरी लिहिण्याचा संकोच घालवला, हे तिचे ऋण मान्यच आहे. पण सर्वच स्थळांवर प्रमाणभाषेचा आग्रह वादातले शस्त्रही बनला. प्रतिपक्षाचा मुद्दा अवघड वाटला की त्याच्या ऱ्हस्वदीर्घावर बोट ठेवायचे, ही रीत मला वारंवार आढळली. पुसले गेलेले आडनाव 'न' आणि 'ण' यांच्या गल्लतीवरून पुन्हा शोधले जाऊ लागले.

पुढे फेसबुक आणि व्हॉट्सॲप आले आणि पुष्कळ चर्चा तिकडे वळली. 'मायबोली'वर 'वाहते पान' नावाचा एक प्रकार आहे. त्यावरील जुना मजकूर नव्याच्या रेट्याने नाहीसा होतो. तेथे गप्पा मारणाऱ्यांना ते मंजूरच असते, अभ्यासकाचा मात्र जीव हळहळतो. दिवाळी अंक, संकलने यांतून लेख टिकतात, प्रतिसाद गळतात. आपण संपादकांनीही हेच केले आहे.

प्रस्तुत संकलनाचे काम चालू असल्याचे कळल्यावर शेजारणीने तिला आवडलेल्या एका जुन्या धाग्याचे चाळीस कागद छापून आणून दिले. मूळ लेख दीड पानाचा आणि सामान्य आहे. पुढची साडेअडतीस पाने मी दोनदा वाचली. ती निवडावीत असे वाटते. अनुक्रमणिकेत लेखक म्हणून कोणाचे नाव घालावे, एवढेच अद्याप ठरलेले नाही.