हुतात्म्याच्या कवितेत गिरणी कुठाय?

बाबू गेनूवरच्या ज्या कविता मी वाचल्या, सभेत ऐकल्या, त्यांत रक्ताचे सडे आहेत, तिरंगा आहे, भारतमातेचे पाणावलेले डोळे आहेत. गिरणी नाही.

आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा पोरगा. पोटासाठी मुंबईत आला, गिरणीत लागला. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढं आडवा झाला. लॉरी अंगावरून गेली. वय २२. कापडावर जगणारा माणूस कापडाच्या ओझ्याखाली मेला. एवढं हातात असताना कवी 'अमर ज्योत' कशाला शोधतो? साच्याचा आवाज त्यानं कधी ऐकलेलाच नसतो, दुसरं काय! आणि विलायती माल अडला की इथल्या शेटचा माल खपायचा, हे लिहायला तर त्याची लेखणी धजतच नाही.

बरं, गिरणी आणतात ते 'सारे कामगार भाऊ भाऊ' म्हणून मोकळे होतात. कोण भाऊ? धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागायचा. महाराचं तोंड धोट्याला लागलं तर बाटेल, म्हणून विणकाम खात्यात त्याला मज्जाव. आमची माणसं कताई खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढं ठेवला होता. आणि बाबू गेनू गेला त्याच १९३० साली, २ मार्चला, नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. इंग्रज घालवायचा देश आणि देवळाबाहेर उभा असलेला देश, दोन्ही एकाच सालातले. कवितेत मात्र एकच 'मायभूमी' येते, धुतलेली, इस्त्री केलेली.

म्हणून बाबू गेनू आपला नाही असं मी म्हणत नाही. तो आपलाच. चाळीतला, पाळीवरचा. तसेच १९०८ च्या जुलैतले. टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली म्हणून गिरण्या सहा दिवस बंद ठेवल्या आणि गोळ्या खाल्ल्या त्यांनी. त्यांची नावं कुठल्या कवितेत आहेत? नौसैनिकांच्या उठावाला पाठिंबा म्हणून कामगार रस्त्यावर आले तेव्हा, २२ फेब्रुवारी १९४६ ला, परळला कमल दोंदे गोळीनं गेली. बाई, त्यातून कम्युनिस्ट. तिच्यावरची कविता माझ्या तरी वाचनात नाही.

मी स्वतः एक लिहिली होती, बाबू गेनूवर. त्यात 'अमर' तीनदा आला होता आणि धोटा एकदाही नाही. फाडली. आता पुन्हा लिहायला बसलोय, कांडी भरण्यापासून.