नात्यांतून उमललेली श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’चे पुनर्वाचन

नगर-मनमाड रस्त्याने शिर्डीला निघालेल्या भाविकांच्या गाड्या राहुरीवरून जातात. त्याच राहुरीत १९०० साली लक्ष्मीबाई टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. शिर्डीत त्या काळी साईबाबा हयात होते. एकाच मुलखात माणसे जोडण्याचे दोन निराळे मार्ग चालले होते, याचे आम्हांला अप्रूप वाटते. त्यांतील एका मार्गाचा आलेख म्हणून ‘स्मृतिचित्रे’कडे पुन्हा पाहावे, असा आमचा हेतू आहे.

साहित्यरसिकांनी या ग्रंथाला विनोदी संसारकथा म्हणून डोक्यावर घेतले. आपल्या समाजाने तो धर्मांतराची साक्ष म्हणून जपला. दोन्ही वाचने खरी असली, तरी आमच्या मते अपुरी आहेत.

ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. पतीची विद्वत्ता लक्ष्मीबाईंना वळवू शकली नाही. पुढे पतीजवळ येऊनही त्यांनी सोवळे सोडले नाही. मग एक प्रश्न त्यांना टोचू लागला : जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळताच त्यांनी कुणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा आहे. आधी माणसाशी नाते जुळले, मग श्रद्धेला नाव मिळाले. हा क्रम आम्हांला या ग्रंथाचा गाभा वाटतो. दिसणाऱ्या भावावर प्रेम न करणाऱ्याला न दिसणाऱ्या देवावर प्रेम करता येत नाही, ही संत योहानाची शिकवण इथे स्वयंपाकघरात सिद्ध होते.

बालकवी ठोमरे नगरला टिळकांच्या घरी राहिले ते मुलासारखे. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही, म्हणून त्या घरातील माया उणावली नाही. प्रेमाला हिशेब जोडला की ते प्रचार होते, हे लक्ष्मीबाई उपदेश न करता दाखवतात.

मात्र प्रेमाची किंमतही त्या लपवत नाहीत. घरात काय शिल्लक आहे हे न पाहता देऊन टाकणारे टिळक आपल्याला थोर वाटतात. चूल पेटवायची असते ती लक्ष्मीबाईंना. दूरच्यावर केलेल्या प्रेमाचा भार जवळच्यांनी वाहायचा, हा पेच आपल्या चरित्रलेखनात सहसा येत नाही. इथे तो हसत हसत, पण नेमका येतो. देणाऱ्याचे कौतुक करताना त्याच्या घरच्यांकडे पाहण्याची सवय या ग्रंथाने आपल्याला लावावी.

या ग्रंथाची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्यांच्याशी नाते जोडण्यासाठी लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले, त्या दलित ख्रिस्ती बांधवांचे मन त्यांच्या स्वतःच्या शब्दांत येथे क्वचितच ऐकू येते. एका ब्राह्मण स्त्रीने ओलांडलेला उंबरठा आपण पाहतो. उंबरठ्याबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्यांना काय वाटले, ते कळत नाही. हा दोष लक्ष्मीबाईंचा नव्हे; त्यांनी स्वतःचे जगणे प्रामाणिकपणे लिहिले. उणीव आपली आहे. नगर जिल्ह्यातील, आजच्या अहिल्यानगरातील, धर्मग्रामे बहुतांशी याच बांधवांच्या श्रद्धेवर उभी आहेत. त्यांच्या आजी-आजोबांच्या आठवणी कुणी लिहून घेतल्या?

आपण मिस्सेत एकमेकांना शांती देतो. पण सोयरीक जुळवताना जात विचारतो की नाही? लक्ष्मीबाईंना टोचलेला तो प्रश्न आपल्या दारात अजून उभा आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचून नुसते हसणाऱ्याने ते अर्धेच वाचले, असे आम्ही म्हणू.