पडद्यावरील कथाकथन आणि हुंकार

ठाण्यात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले, तेव्हापासून वर्गणीदार सभासद हा आपल्या ग्रंथालयांचा एक मुख्य आधार राहिला आहे. २०२० च्या टाळेबंदीत साहित्यिक कार्यक्रम व बालकथाकथन पडद्यावर गेले. अहेरीच्या मुलास पुण्यातील कथा ऐकता येऊ लागली, हा लाभ निर्विवाद होय. परंतु कथा पुढे सरकते ती श्रोत्याच्या हुंकाराने. पडद्यावर श्रोत्यांचे आवाज बंद ठेवले की नेमका तोच लोपतो. घरी माडिया, गोंडी वा तेलुगू बोलणाऱ्या मुलाची हानी तर दुहेरी आहे : त्यास शब्द अडला, हे कथकास कळतच नाही. म्हणून अशा उपक्रमाचे मूल्यमापन उपस्थितीच्या आकड्यांवरून करू नये. मुलांजवळ बसून त्यांच्या भाषेत अडलेला शब्द उलगडणारा कोणी होता काय, हीच कसोटी आम्हांस योग्य वाटते.