नियमावलीत मूल कुठे आहे?

शाळेच्या शिक्षकदालनात कायद्याचा विषय निघतो तो बहुधा वेतनश्रेणी, बदली किंवा निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने. शिक्षकाच्या हातून गैरवर्तन घडले तर काय, हा प्रश्न वर्तमानपत्रात एखादी भयंकर बातमी आल्याखेरीज निघत नाही. आणि निघाला की दोन तट पडतात. एक म्हणतो, कायदे कडक करा. दुसरा म्हणतो, ऊठसूट शिक्षकालाच का झोडपता? या वादात पडण्याआधी मूळ नियमच वाचून पाहावेत असे आम्हांला वाटले. प्रयोगशाळेत नवे उपकरण हाती आले की आपण प्रथम विचारतो, हे काय मोजण्यासाठी बनवले आहे? कायद्यालाही हाच प्रश्न विचारायला हरकत नाही.

खाजगी शाळांसाठी महाराष्ट्रात १९७७चा सेवाशर्ती अधिनियम आणि त्याखालील १९८१ची नियमावली लागू आहे. त्यापूर्वी शिक्षकाची नोकरी पुष्कळदा संस्थाचालकांच्या मर्जीवर टिकून असे. ते थांबावे, हा कायद्याचा मुख्य हेतू. म्हणूनच चौकशीशिवाय बडतर्फी नाही, शिक्षणाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय साधारणतः निलंबन नाही, आणि अन्याय झाल्यास तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील, अशी तजवीज त्यात आहे. ती योग्यच आहे. उद्याची खात्री नसलेला शिक्षक वर्गात निर्भयपणे शिकवू शकत नाही.

मात्र या कायद्याच्या उद्देशिकेत एक छोटा शब्द दडलेला आहे. कर्मचाऱ्यांनी व्यवस्थापनाला, आणि 'म्हणून' समाजाला, उत्तरदायी व्हावे, असा तिचा आशय आहे. आमची मुख्य हरकत या 'म्हणून'ला आहे. व्यवस्थापनाला जाब दिला की समाजाला दिलाच, हे येथे गृहीत धरले आहे, सिद्ध केलेले नाही.

आता व्याख्या पाहू. नियम २८ मध्ये कारवाईची चार कारणे दिली आहेत : गैरवर्तणूक, नैतिक अधःपतन, कर्तव्यात हेतुपुरस्सर व सतत हयगय, आणि अकार्यक्षमता. विद्यार्थ्याशी असभ्य वा अनैतिक वर्तन नैतिक अधःपतनात येते. अकार्यक्षमतेत आपले ज्ञान अद्ययावत न ठेवणेही येते. मात्र वारंवार सूचना आणि सोयी देऊनही ते केले नाही तरच. ही अट न्याय्य आहे, आणि विज्ञान शिक्षकांनी ती जरूर ध्यानात ठेवावी. सोयी पुरवल्या नसतील, तर दोष एकट्या शिक्षकाचा नव्हे. मात्र मुलाला मारणे, वर्गासमोर अपमानित करणे, जातीवरून बोलणे यांपैकी एकाचेही नाव या चार व्याख्यांत स्पष्टपणे घेतलेले नाही. ते 'अशाच स्वरूपाचे अन्य कृत्य' या ढोबळ शब्दांत बसवावे लागते. व्याख्या सैल असली की मोजमापही सैल होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

चौकशी समितीत तिघे असतात : एक व्यवस्थापनाचा, एक आरोपित शिक्षकाने निवडलेला खाजगी शाळेतील कर्मचारी, आणि तिसरा राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षक. पालकांच्या बाजूचे कोणी नाही. मुलाला साक्षीला बोलावता येते. पण निर्णय पटला नाही तर न्यायाधिकरणात अपिलाचा अधिकार शिक्षकाला आहे, पालकाला नाही.

प्रत्येक चाचणीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. निरोगी माणसाला रोगी ठरवणे ही एक, रोग्याला निरोगी म्हणून घरी पाठवणे ही दुसरी. निर्दोष शिक्षकाला शिक्षा होऊ नये यासाठी १९८१च्या नियमांत पायरीपायरीवर अटकाव आहेत. खरोखरच त्रास झालेल्या मुलाची तक्रार दडपली जाऊ नये, यासाठी मात्र असा अटकाव शोधावा लागतो. व्यवस्थापन आणि कर्मचारी यांचे नाते मोजण्यासाठी बनवलेल्या उपकरणाने आपण शिक्षक आणि मूल यांचे नाते मोजू पाहत आहोत.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याने ही उणीव भरून निघाली का? त्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना स्पष्ट बंदी घातली. पण उल्लंघन करणाऱ्यावर कारवाई कशाखाली? लागू असलेल्या सेवानियमांखाली. म्हणजे फिरून पुन्हा तिथेच. शिवाय हा कायदा ६ ते १४ वयाच्या बालकांसाठी आहे. त्यामुळे एकाच हायस्कुलातील आठवीच्या मुलाला हे कलम लागू, आणि दहावीतल्या त्याच्या पंधरा वर्षांच्या बहिणीला नाही.

परभणी जिल्ह्यातील पोखर्णीसारख्या गावातला पालक डोळ्यांसमोर आणू. मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत असेल तर शिक्षकाला १९६४चे शिस्त व अपील नियम लागू. खाजगी शाळेत असेल तर १९८१चे. शिक्षण हक्क कायद्याखाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि त्याने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. पण जिल्हा परिषदेच्या शाळेत तक्रार ऐकणारी आणि शिक्षकाला नेमणारी संस्था एकच! शेतीची कामे टाकून हा पालक किती खेटे घालील?

आणि आरोप व्यवस्थापनावरच असेल तर? जुलै २०२५मध्ये याच जिल्ह्यात झिरो फाट्याजवळील एका निवासी शाळेत मुलीचा दाखला मागायला गेलेल्या पालकाला संस्थाचालकाने मारहाण केल्याचा आणि त्यात त्यांचा मृत्यू झाल्याचा गुन्हा पोलिसांत नोंदवला गेला. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण सेवानियम कर्मचाऱ्यांसाठी आहेत; चालकांसाठी त्यांत शिस्तीचे कलम नाही. उद्देशिकेतला तो 'म्हणून' येथे पार कोलमडतो.

वेगळी वाट २०१२च्या पोक्सो कायद्याने दाखवली. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळवणे हाच तेथे गुन्हा आहे. संस्थेच्या प्रमुखाने कर्मचाऱ्याचा असा अपराध न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जबाब मुलाच्या विश्वासातील माणसासमोर घ्यायचा असतो. कायद्याची रचनाच मुलाभोवती आहे. तरीही ऑगस्ट २०२४मध्ये बदलापुरात चिमुकल्या मुलींच्या पालकांची तक्रार वेळेवर नोंदली गेली नाही, लोक रेल्वेमार्गावर उतरले, आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. तेव्हा केवळ कडक कलम पुरत नाही. तक्रार घेणारा माणूसही उत्तरदायी असावा लागतो.

वकिलांना १९६१च्या कायद्याने स्वतःची परिषद दिली; डॉक्टरांनाही अशी परिषद आहे. तेथे नोंदणी होते आणि व्यवसायबंधूच आचार तपासतात. स्कॉटलंडमध्ये शिक्षकांची अशी परिषद १९६५पासून आहे. आपल्याकडील १९९३च्या कायद्याने स्थापलेली राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद पात्रता आणि प्रशिक्षण पाहते. शिक्षकांची नोंदणी व शिस्त तिच्या कक्षेत नाही. अशा परिषदांतही आपल्या माणसाला सांभाळून घेण्याचा धोका असतोच. म्हणून तीत पालक आणि बालहक्काचे जाणकार हवेत.

आमच्या अपेक्षा माफक आहेत. मारहाण आणि अपमान यांची व्याख्या सेवानियमांतच यावी. समितीत एक सदस्य संस्थेबाहेरचा आणि मुलाच्या बाजूने पाहणारा असावा. निकाल कारणांसह पालकाला कळावा आणि त्यालाही अपील असावे. किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, याचे आकडे नावे वगळून दरवर्षी प्रसिद्ध व्हावेत. आकड्यांवाचून सुधारणा मोजणार कशी? आणि अकार्यक्षमतेचा प्रश्न शिक्षेआधी प्रशिक्षणाने हाताळावा.

यांत शिक्षकांचे नुकसान नाही. तक्रार उघडपणे तपासली गेली तर खोट्या आरोपातून निर्दोष शिक्षकही स्वच्छ बाहेर येईल. दडपलेल्या तक्रारीचा संशय मात्र सगळ्या शिक्षकदालनावर राहतो. पुढच्या शिक्षकसभेत १९८१च्या नियमावलीची प्रत मागवावी, नियम २८ मोठ्याने वाचावा, आणि त्यात आपल्या वर्गातले मूल कुठे सापडते ते सर्वांनी मिळून शोधावे, एवढी विनंती.