गोठलेली नौका आणि निवेदकाची प्रामाणिकता

प्रवासवर्णनाला गती लागते. निवेदक एका स्थळाहून दुसऱ्या स्थळी जातो आणि त्या स्थलांतरावर वर्णनाची साखळी उभी राहते, हे गृहीत आपल्याकडे इतके रूढ आहे की नौका एकाच जागी गोठून महिनोन्महिने थांबली तर या वाङ्मयप्रकाराचे काय होते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ध्रुवप्रदेशात शिडाच्या नौकेवर हिवाळा काढणाऱ्यांच्या लेखनापुढे मात्र तो आरंभापासून उभा असतो. सूर्य उगवत नाही, शीड उभारता येत नाही, कालचा दिवस आजच्यासारखाच असतो. मग लिहायचे काय?

या प्रश्नाला दिलेले एक जुने उत्तर मोठे बोलके आहे. १८१९-२० चा हिवाळा विल्यम एडवर्ड पॅरीच्या 'हेक्ला' आणि 'ग्रायपर' या जहाजांनी मेल्व्हिल बेटाच्या किनाऱ्याशी बर्फात काढला. त्या काळात जहाजावर नाटके झाली, आणि एडवर्ड सॅबिनच्या संपादकत्वाखाली एक हस्तलिखित साप्ताहिकही चालले. पुढे १८२१ मध्ये ते लंडनला छापले गेले. घटनांचा अभाव शब्दांनी भरून काढण्याची ही सोय होती. पण तेथे शंभराच्या आसपास माणसे होती. म्हणजे लेखकही होते आणि वाचकही. छोट्या नौकेवर एकटा राहणाऱ्याला ही सोय नाही.

ट्रिस्टन जोन्सच्या 'आइस!' (१९७८) या पुस्तकाने ती उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढली. जुन्या जीवरक्षक नावेची केलेली 'क्रेसवेल' ही नौका, सोबतीला तीन पायांचा, एका डोळ्याचा नेल्सन नावाचा कुत्रा, नान्सेनच्या 'फ्राम'पेक्षाही उत्तरेला पोहोचण्याची ईर्ष्या, आणि ओळीने दोन हिवाळे. अस्वल येते, हिमनग नौकेवर झुकून उभा राहतो. प्रस्तुत लेखकाने हे पुस्तक प्रथम वाचले ते एका बैठकीत, आणि त्याचा प्रभाव पुष्कळ दिवस टिकला, हे येथे कबूल केले पाहिजे. २००३ साली अँथनी डाल्टनने 'वेवर्ड सेलर' हे जोन्सचे चरित्र प्रसिद्ध केले. 'आइस!'मधील सफर घडलेलीच नव्हती, आणि १९२४ साली जहाजावर झाल्याचे सांगितलेला लेखकाचा जन्मही प्रत्यक्षात १९२९ मध्ये लिव्हरपूलचा होता, असे त्याने दाखवून दिले. जोन्स १९९५ मध्येच वारला होता.

आता या पुस्तकाचे काय करायचे? ते कादंबरी समजून वाचावे, असे एक उत्तर दिले जाते. ते मला सोयीचे वाटते, पण पटत नाही. कादंबरीकार वाचकाशी जो करार करतो तो येथे झालेलाच नाही. थंडीने बधिर झालेल्या बोटांचे वर्णन वाचताना आपण ज्या विश्वासाने थरारतो, तो विश्वास आत्मनिवेदनावरचा असतो. मात्र याच्या उलट टोकाला जाऊन, संहितेच्या पोतावरूनच खोटेपणा ओळखता यायला हवा होता असे म्हणणे हा समीक्षकाचा अहंकार ठरेल. पंचवीस वर्षे अनुभवी दर्यावर्दी वाचकांनाही तो निश्चितपणे सिद्ध करता आला नव्हता. शेवटी कामी आल्या त्या नोंदी आणि तारखा.

तरीही आल्व्हा सायमनचे 'नॉर्थ टू द नाइट' (१९९८) शेजारी ठेवले की एक गोष्ट जाणवते. सायमन १९९४-९५ चा हिवाळा बॅफिनच्या उत्तरेकडील बायलट बेटाच्या टे उपसागरात, 'रॉजर हेन्री' या छत्तीस फुटी पोलादी नौकेवर राहिला. पत्नी डायना वडिलांच्या गंभीर आजारामुळे न्यूझीलंडला गेली आणि अंधाराचे महिने त्याने हॅलिफॅक्स नावाच्या मांजरीबरोबर काढले. येथेही संकटे आहेत. पण पुस्तकाचा भार ती वाहत नाहीत. भार आहे तो घरकामावर. श्वासातली वाफ पोलादी पत्र्यावर गोठते, ती खरवडावी लागते. इंधन मोजून जाळावे लागते. शेगडी पेटवावी तर ओल वाढते आणि हवा खेळती ठेवावी तर ऊब जाते. जोन्सची थंडी बाहेरून चाल करून येते, सायमनची आतच, राहणाऱ्याच्याच श्वासातून जमत जाते. नौका वाहन राहत नाही, ती एक अवघड घर होते, आणि निवेदनही त्या घरापुरते आखडते.

मर्ढेकरांनी 'आत्मनिष्ठे'ची जी कसोटी आपल्याकडे मांडली, तिचा आधार येथे घेण्याचा मोह होतो. अनुभवाशी इमान राखणे म्हणजे घडलेल्या गोष्टींची बिनचूक नोंद नव्हे, हे मान्यच आहे. पण जोन्सने चरित्रापेक्षाही अधिक काही झाकले आहे: थांबणे. त्याच्या पुस्तकातला हिवाळा हा प्रवासाचाच एक धाडसी टप्पा आहे. त्यात कंटाळ्याला जागा नाही. सायमनला कंटाळा आणि मनाची घसरण मांडावी लागते, आणि ती मांडताना त्याची शैली अनेकदा तोकडी पडते. आत्मशोधाची भाषा त्याच्याकडे जरा जास्तच सहज येते. ज्या प्रदेशाला तो आपल्या एकांताची कसोटी मानतो, तेथे इनुइट लोक पिढ्यानपिढ्या राहत आले आहेत, आणि पाँड इनलेटची वस्ती त्याच्यापासून फार दूर नाही. त्यांच्या दृष्टीने हिवाळा हा प्रसंग नव्हे, वर्षातला एक काळ. सायमनला याची जाणीव आहे, पण ती त्याच्या निवेदनाची घडण बदलू शकत नाही.

सायमनचे पुस्तक पुन्हा वाचताना मी साहसाची पाने ओलांडून ओल, काजळी आणि मांजरीच्या पानांशी थांबतो. 'आइस!' मात्र मला अजून पूर्ण पुन्हा वाचता आलेले नाही. कुत्र्याच्या पहिल्याच उल्लेखाशी वाचन अडते.