वाटीची शीग

मराठी समीक्षकांनी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही असा एक वाङ्मयप्रकार म्हणजे पाकपुस्तक. कवितेतल्या एका शब्दावर आमची विद्वान मंडळी चाळीस पानं लिहितील. पण ‘दोन वाट्या पीठ’ म्हणजे नेमकं किती, हे कुणी विचारणार नाही. वास्तविक कवितेचा अर्थ चुकला म्हणून कुणी उपाशी राहत नाही!

1970 साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ आलं आणि घरोघर वाटी-चमच्याचं राज्य सुरू झालं. सोय मोठीच होती. तराजू वाण्याकडे असतो. वाटी प्रत्येक घरी असते. आई गावाकडे आणि लेक नवऱ्याच्या बदलीच्या गावी. ‘अंदाजानं घाल गं’ म्हणायलाही जवळ कुणी नाही. अशा वेळी त्या वाटीनं कितीएक संसार सावरले. तेव्हा वाटीला आधी नमस्कार.

तक्रार आहे ती तिच्या मागून आलेल्या पुस्तकांबद्दल. त्यांनी वाटी उचलली, विचार तिथंच ठेवला. तीन वाट्या रवा, दोन वाट्या साखर, इथवर वाटी लहान की मोठी यानं बिघडत नाही. पण त्याच ओळीत ‘एक नारळ’ किंवा ‘चार अंडी’ आली की घोटाळा. नारळ काही तुमची वाटी पाहून लहानमोठा होत नाही.

दुसरी गोष्ट शिगेची. 1956 च्या कायद्यानं किलो-लिटर आले, तरी आमच्या हिमायतनगरकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडची पायली काही लवकर गेली नाही. पायलीनं ज्वारी मोजताना ज्यानं पाहिलंय त्याला ठाऊक असतं, की खरा व्यवहार मापात नसतो, मापावरच्या शिगेत असतो. पुस्तकातली वाटी शिगेची की सपाट? लेखिका गप्प! तिकडे बोस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी 1896 सालीच ‘कप-चमचा सपाट करून मोजा’ असा दंडक घातला होता.

बरं, सपाट करूनही पीठ फसवतंच. तोच कप चाळून, हलक्या हातानं भरला तर मैदा भरतो सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. डब्यात खुपसून दाबून भरला तर दीडशे. भजी हा फरक पोटात घालतात. केक घालत नाही. तो सरळ विटेसारखा बसतो आणि सुनेला बोल लागतो. पुस्तकाला कोण बोलणार?

आणि काही गोष्टी तर कुठल्याच मापात मावत नाहीत. येसर करताना धान्य खमंग भाजलं गेलं की नाही हे नाकच सांगतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. मग वाटी अगदी सोन्याची असली तरी भाकरी थापताना चिरते आणि उकळतं पाणी घालूनच ते पीठ मळावं लागतं. हे हाताचं शहाणपण आहे. पण म्हणूनच, जेवढं लिहिता येतं तेवढं तरी पुस्तकानं नीट लिहावं: चाळून की न चाळता, दाबून की अलगद, पीठ ताजं की महिन्याचं.

नव्या सुनेला आपण उंबरठ्यावरचं माप ओलांडायला लावतो. त्यातले तांदूळ शिगेचे होते की सपाट, एवढं तरी आत जाण्याआधी तिनं विचारून घ्यावं.